पाचवी सिंफनी लिहिली कोणी?

घरी किंवा शाळेत बाजाची पेटी असेल, तर एक करून पाहा. पांढरी पाच ही पट्टी झटपट तीन वेळा दाबा आणि मग काळी दोन दाबून धरा. (पांढरी एकला 'सा' मानले, तर हे झाले प प प आणि कोमल ग.) जर्मन संगीतकार बीथोव्हेन याच्या पाचव्या सिंफनीची ही सुरुवात. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ती प्रथम वाजली.

हेच सूर ऑक्टोबर २०१५ मध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेत ऐकू आले. डॉक्टर हा कालयंत्रातून हिंडणारा नायक. इलेक्ट्रिक गिटारवर हे सूर छेडण्याआधी तो प्रेक्षकांना एक गोष्ट सांगतो. बीथोव्हेनचा एक भक्त कालयंत्रातून अठराव्या शतकातल्या जर्मनीत जातो. बीथोव्हेनची सही घ्यावी म्हणून त्याच्या सर्व रचनांची स्वरलिपी त्याने बरोबर नेलेली असते. पण तेथे बीथोव्हेन नावाचा कोणी संगीतकारच नसतो! या संगीतावाचून जग कसे राहील, म्हणून भक्त स्वतःच त्या रचना उतरवून काढतो आणि छापवून घेतो. तोच बीथोव्हेन ठरतो. मग पाचवी सिंफनी रचली कोणी?

दोन मुलांनी परीक्षेत एकमेकांचे पाहून गणित लिहिले आणि सोडवले मात्र दोघांनीही नाही, तसाच हा प्रकार. आम्हा शिक्षकांना अशी जोडी अजून सापडलेली नाही. एकाने तरी ते आधी सोडवलेले असतेच, मग चुकीचे का असेना! या कोड्याला 'बूटस्ट्रॅप विरोधाभास' म्हणतात. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४१ मधील एका कथेच्या शीर्षकावरून हे नाव पडले.

समजा, भक्ताने नक्कल न करता नेलेला कागदच तेथे ठेवला आणि पुढे तोच त्याच्या हाती आला. मधल्या दोनशे वर्षांत कागद पिवळा पडणार, झिजणार. पण तो मागे नेताना जसा होता, तसाच पुन्हा हाती यायला हवा! ऊष्मागतिकीचा दुसरा नियम याला आड येतो. नक्कल केली की कागदाची अडचण सुटते, मात्र संगीत आले कोठून हे कळत नाहीच.

कालप्रवासाला गणितात मुळीच जागा नाही असे मात्र नाही. कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची एक उकल मांडली. तिच्यातील विश्व स्वतःच फिरत असते आणि तेथला प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचू शकतो. आपले विश्व तसे नाही.

खऱ्या बीथोव्हेनच्या कच्च्या वह्या आज उपलब्ध आहेत. पाचव्या सिंफनीची पहिली टिपणे १८०४ च्या सुमाराची. ती पुरी झाली १८०८ मध्ये. वह्यांत एकच जागा तो पुन्हा पुन्हा लिहितो, खोडतो, बदलतो. पूर्ण स्वरलिपी समोर ठेवून उतरवणाऱ्या माणसाने चार वर्षे ही खोडाखोड कशासाठी केली असती?