पथ्य आणि वाणसामानाची यादी : काटकसरीच्या पाकशाळेचा आयुर्वेदीय विचार

रुग्णाच्या हाती औषधपत्र देताना आपण शेवटी ‘पथ्य’ असा मथळा घालून चार ओळी लिहितो. जुने तांदूळ, मुगाचे वरण, गाईचे तूप, डाळिंब, मनुका, सैंधव. शास्त्रदृष्ट्या या ओळींत दोष काढता येणार नाही. परंतु हा कागद घरी पोहोचल्यावर त्याचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पाच जणांचे कुटुंब, एकाची मिळकत, घरभाडे, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि वाण्याकडील उधारी या चौकटीत तो कागद वाचला जातो. मग एक तर पथ्य पहिल्या आठवड्यातच सुटते किंवा एका रुग्णासाठी संपूर्ण घराच्या ताटातले काही कमी होते. हे कमी होणे बहुधा घरातील गृहिणीच्या वाट्याला येते, कारण ती शेवटी जेवते. पतीच्या आम्लपित्तासाठी तूप आणणारी स्त्री स्वतः डाळीवाचून भाकरी खात असेल, तर एका रुग्णाचे पथ्य दुसऱ्या रुग्णाचा हेतू ठरते. म्हणून रुग्णाच्या अग्निबलाइतकाच त्याच्या घरखर्चाचा विचार करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

खर्च नेमका कोठे होतो?

काटकसर म्हटली की धान्य व डाळ यांत कपात, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्चाचा ४७.०४ टक्के आणि नागरी भारतात ३९.६८ टक्के भाग अन्नावर होतो. त्यात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, डाळीचा नाही की दुधाचाही नाही. तो पेये व प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांचा आहे. हा वाटा ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या ९.८४ टक्के, तर शहरांत ११.०९ टक्के आहे. ग्रामीण कुटुंबाचा धान्यावरील खर्च याच्या निम्म्याच्या आसपास भरतो.

या आकड्यांचा वैद्यकीय अर्थ सरळ आहे. बिस्किटे, फरसाण, पाव, तयार मसाल्यांच्या पुड्या आणि शीतपेये ही आपल्या अपथ्याच्या यादीतील द्रव्येच पिशवीतील सर्वांत मोठी रक्कम नेतात. अपथ्य खरोखर बंद झाले तर पथ्याचा बराचसा खर्च त्यातूनच निघतो. म्हणून ‘काय खावे’ हे सांगण्यापूर्वी ‘काय आणू नये’ हे सांगणे अधिक फलदायी ठरते.

राशी : मात्रेचा हिशेब

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. घरखर्चाच्या नियोजनाला यातील राशी, करण, देश व काल ही चार फार उपयोगी पडतात. राशीचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन प्रकार आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण म्हणजे सर्वग्रह, तर प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्र प्रमाण म्हणजे परिग्रह. महिन्याची यादी करणारी गृहिणी हाच परिग्रह मांडत असते.

चार जणांच्या मध्यम श्रमाच्या कुटुंबासाठी स्थूलमानाने असा हिशेब मांडता येतो. दरडोई दररोज २५० ते ३०० ग्रॅम धान्य धरल्यास महिन्याला ३० ते ३६ किलो धान्य लागते. दरडोई ६० ग्रॅम डाळ-कडधान्य धरल्यास ७ किलोंच्या आसपास. तेल दरडोई २५ ग्रॅमप्रमाणे ३ किलो. मीठ दरडोई ५ ग्रॅमच्या मर्यादेत ६०० ग्रॅम. साखर व गूळ मिळून दरडोई २५ ग्रॅम धरल्यास ३ किलो. या प्रमाणाशी प्रत्यक्ष यादी ताडून पाहावी. बहुसंख्य घरांत तेल, साखर व मीठ यांत आधिक्य आणि डाळीत न्यूनता आढळेल. वाढलेले तेल-साखर कमी करून तेवढ्याच पैशांत डाळ वाढविणे, ही एकच सुधारणा प्रमेह, स्थौल्य आणि पांडू या तिन्ही व्याधींत हितकर आहे.

भाव स्थान व ऋतूनुसार बदलतात, म्हणून येथे रुपयांऐवजी वजने दिली आहेत. शिधापत्रिकेची चौकशीही अवश्य करावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ती सवलत चालू ठेवण्यात आली आहे. वरील चौकोनी कुटुंबाला २० किलो धान्य असे मिळत असेल, तर धान्याचा दोन-तृतीयांश भार हलका होतो. ती रक्कम डाळ, दूध व भाजी यांकडे वळवावी, असे वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगावे.

करण : संस्काराने साधणारी बचत

द्रव्य महाग असेल तेथे संस्कार उपयोगी पडतो. जुन्या तांदळाचेच उदाहरण घेऊ. वर्षभर साठविलेला तांदूळ सर्वांना परवडत नाही. परंतु नवा तांदूळ कोरडा भाजून घेतल्यास तो लघू होतो. सूत्रस्थानातील कृतान्नवर्गात भाजलेल्या तांदळाच्या ओदनाचा कफविकारांत उपयोग सांगितला आहे. शिधावाटप दुकानातील तांदूळ स्वच्छ धुऊन, वाळवून मंद आचेवर गुलाबीसर भाजून ठेवावा. महिन्याचे पथ्य त्यात होते.

चौदा पट पाण्यात मंड, सहा पट पाण्यात यवागू आणि चौपट पाण्यात विलेपी ही परिभाषा आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. मूठभर तांदूळ, चिमूटभर सुंठ आणि मीठ एवढ्यावर ज्वरितास एक वेळचा आहार मिळतो. कोकणातील पेज ही याच कल्पनेची रोजची ओळख आहे. तरीही ताप आलेल्या घरात ग्लुकोजची पुडी, बिस्किटे आणि शहाळी यांवर त्या आठवड्याचा भाजीचा पैसा संपतो. पेजेने तेच काम अत्यल्प खर्चात होत असताना ती ‘गरिबाची’ वाटते. हा संकोच वैद्याने आपल्या अधिकारवाणीने दूर करावा.

तुपाचेही तसेच. विकतचे तूप परवडत नाही, असे सांगणाऱ्या घरात रोज एक लिटर दूध येत असेल तर हिशेब करून दाखवावा. सहा टक्के स्निग्धांशाच्या दुधात लिटरमागे ६० ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातील निम्मा जरी सायीत उतरला तरी महिन्याअखेर पाऊण किलोच्या आसपास तूप निघते. शिवाय लोणी काढल्यावर ताक उरते. अर्शोरोगाच्या चिकित्सेत ज्या तक्राचे चरकाचार्यांनी एवढे महत्त्व मानले, ते द्रव्य येथे वेगळे मूल्य न देता हाती येते. जिरेपूड व सैंधव घालून दुपारच्या जेवणात ताक घेतले की ग्रहणीच्या रुग्णाचे पथ्य साधते. उरलेल्या ताकाची कढी होते.

देश व काल : आपल्या मातीतील द्रव्ये

शमीधान्यांत मूग श्रेष्ठ, याविषयी दुमत नाही. परंतु श्रेष्ठ म्हणजे एकमेव नव्हे. २०१५ च्या अखेरीस तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला, तेव्हा अनेक घरांतून वरणच नाहीसे झाले. त्या वेळी आणि त्यानंतरही मटकी, चवळी, मसूर, हुलगे ही द्रव्ये बाजारात होतीच. कफवातप्रधान रुग्णात, श्वास-कास व मेदोवृद्धीत हुलग्याचे माडगे किंवा कुळथाचे पिठले हे उत्तम पथ्य आहे. उष्ण वीर्य व अम्ल विपाक लक्षात घेऊन पित्तप्रकृती, रक्तपित्त आणि गर्भिणी यांत मात्र ते टाळावे. कडधान्य रात्रभर भिजवून, मोड आणून, हिंग-जिऱ्याची फोडणी दिल्यास पचनास सुकर होते आणि शिजण्यास इंधनही कमी लागते.

धान्यांविषयीही हेच म्हणता येईल. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. त्या निमित्ताने नाचणीची बिस्किटे व ज्वारीचे पोहे आकर्षक वेष्टनांत दुकानांत आले. त्यांचा भाव पाहता दळून आणलेल्या ज्वारी-नाचणीची भाकरीच खिशाला व प्रकृतीला मानवणारी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. रजोनिवृत्तीच्या वयातील अस्थिक्षयाच्या रुग्णांना हे आवर्जून सांगावे. श्यामाक, कोद्रव ही तृणधान्ये शास्त्राने लघू, रूक्ष व कफपित्तहर म्हणून सांगितली आहेत. रूक्षत्वामुळे वातप्रकृतीत ती स्नेहासह द्यावीत, ही सूचना मात्र विसरू नये.

ऋतूचे शास्त्र आणि बाजाराचे शास्त्र येथे एकत्र येते. जे द्रव्य ऋतूत विपुल, ते स्वस्त आणि बहुधा हितकरही. हिवाळ्यात आवळा मुबलक येतो. तेव्हा किसून वाळविलेला आवळा वर्षभराची अम्ल-कषाय द्रव्याची गरज भागवितो. कोकणात वैशाखातील रातांब्यांची आमसुले वर्षभर पुरतात. घोळ, तांदुळजा, चाकवत, पाथरी, टाकळा यांसारख्या भाज्या आणि परसातील शेवग्याचा पाला यांना अत्यल्प मूल्य पडते. सतराव्या शतकात रघुनाथसूरींनी ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात अन्नपदार्थांचे गुणदोष संस्कृतात नोंदविले. आपापल्या तालुक्यातील भाज्यांची व भरडधान्यांची अशी गुणदोषयुक्त नोंद करणे हे आजच्या वैद्यांचे काम आहे.

शिळ्या अन्नाचा प्रश्न

काटकसर आणि शास्त्र यांचा खरा विरोध होतो तो पर्युषित अन्नाच्या बाबतीत. अन्न टाकणे गृहिणीच्या जिवावर येते आणि शिळे खाऊ नये असे आपण सांगतो. येथे केवळ निषेध पुरेसा नाही. प्रथम मापाने शिजविण्याची सवय लावावी. दरडोई तांदळाची वाटी ठरवून घेतली की उरणे कमी होते. दुसरे असे की सर्व शिळे अन्न समान नसते. ज्वारीची कोरडी भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणे निराळे आणि रात्रभर उबदार पातेल्यात राहिलेला भात निराळा. असा भात फोडणी दिल्यानेही निर्दोष होत नाही, कारण त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष उष्णतेने नष्ट होत नाही. भात उरलाच तर पसरून लवकर थंड करावा, शीतपेटीत ठेवावा व दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवावा. बालक, गर्भिणी, वृद्ध आणि मंदाग्नी रुग्ण यांना तो देऊच नये. आणि जे उरते ते रोज एकाच व्यक्तीने संपवू नये, हेही घरातील सर्वांसमक्ष सांगावे.

कोठे काटकसर करू नये

काही ठिकाणी बचत म्हणजे रोगास आमंत्रण होय. बालकांचे दूध व डाळ, गर्भिणी व सूतिका यांचा आहार यांत कपात नको. अंडी, मासे खाणाऱ्या घरांत ती द्रव्ये कमी करण्याचा सल्ला कारणाशिवाय देऊ नये. तेल सुटे व खात्री नसलेले घेऊ नये. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोत्र्याच्या तेलाच्या भेसळीने अनेकांचे प्राण गेले, हे स्मरणात ठेवावे. तळून उरलेले तेल पुन:पुन्हा तापवू नये.

सैंधवाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लवणांत सैंधव श्रेष्ठ खरे, परंतु ते साध्या मिठाच्या कित्येक पट महाग पडते आणि नैसर्गिक सैंधवात आयोडीन पुरेसे नसते. संपूर्ण घराचे मीठ बदलण्यास सांगण्यापेक्षा रुग्णाच्या ताकापुरते सैंधव व घराच्या स्वयंपाकास आयोडीनयुक्त मीठ, अशी विभागणी करावी. गर्भिणीच्या घरात तर ही काळजी विशेष घ्यावी.

राजयक्ष्म्याच्या रुग्णास बृंहण आहाराची गरज असते आणि त्याच वेळी मिळकत थांबलेली असते. अशा रुग्णांसाठी एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजना आहे. तिच्याखाली उपचारकाळात दरमहा मिळणारे साहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये करण्यात आले. त्याचे नाव शासकीय नोंदणीत असल्याची खात्री करून घेणे, हाही पथ्योपदेशाचा भाग मानावा.

वैद्याने काय करावे?

वैद्यबंधुभगिनींना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दुसऱ्या भेटीस येताना मागील महिन्याची वाण्याची यादी घेऊन येण्यास रुग्णास सांगावे. नाडी व जिव्हा यांबरोबर ती यादीही पाहावी. दुसरी, पथ्यपत्रकात प्रत्येक महाग द्रव्यापुढे त्याच गुणाचे एक स्वस्त, स्थानिक द्रव्य लिहावे. डाळिंबापुढे आमसूल किंवा आवळा, बदामापुढे तीळ वा शेंगदाणे, असे. ते सर्वांशी समान नसेल, पण रोज मिळेल. तिसरी, पथ्य एकट्या रुग्णाचे न ठेवता शक्य तेवढे सर्व घराला चालणारे असावे, म्हणजे दोन चुली पेटणार नाहीत. मुगाचे कढण, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि ताक हे ताट बहुतेक व्याधींत किरकोळ फेरफाराने चालते. ते निरोग्यालाही हितकर आहे.

आपापल्या भागातील अशी पर्यायी द्रव्ये, त्यांचे संस्कार आणि रुग्णांत आलेले अनुभव वैद्यांनी लेखरूपाने या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. जिल्हावार पथ्यपत्रके सिद्ध झाली, तर नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या वैद्यांना आणि त्यांच्याकडे येणाऱ्या सामान्य कुटुंबांना त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होईल.