नाव नसलेले दुखणे : तेरेझ मार्तँ हिच्या आत्मकथनातील एका प्रकरणाचा विचार

बालपणीच्या आजाराचे निवेदन करताना आत्मचरित्रकारापुढे एक मूलभूत अडचण असते. आजार त्याने भोगलेला असतो, परंतु पाहिलेला असतो तो घरच्यांनी. तापाच्या भरात आपण काय बरळलो, कोणाला ओळखले नाही, आपल्या उशाशी कोण बसून होते, या गोष्टी पुष्कळदा त्याला मागाहून इतरांकडून कळतात. त्यामुळे अशा प्रकरणांत निवेदकाची स्मृती कोठे संपते आणि कुटुंबाची स्मृती कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते. फ्रान्समधील कार्मेल मठातील संन्यासिनी तेरेझ मार्तँ (१८७३–१८९७) हिच्या ‘एका आत्म्याची कथा’ या आत्मकथनात मात्र याच्या नेमका उलट दावा केलेला आढळतो. वयाच्या दहाव्या वर्षी आलेल्या विलक्षण दुखण्यात आपण जवळजवळ सतत असंबद्ध बोलत होतो, मनात नसलेल्या गोष्टी करीत होतो. तरीही आपली विचारशक्ती एक क्षणभरही हरपली नव्हती, असे ती सांगते. मूर्च्छित दिसत असतानाही आपल्याला सारे ऐकू येत होते, असेही तिचे म्हणणे आहे. या दाव्यामुळे एका ख्रिस्ती कुटुंबावर ओढवलेल्या संकटाचे हे निवेदन वाङ्मयीन दृष्ट्या गुंतागुंतीचे झाले आहे. ‘लिटल फ्लॉवर’ या नावाने भारतातील कॅथलिक समाजाला ही संत परिचित आहे. परंतु भाविक वाचनात हे प्रकरण त्याच्या शेवटी येणाऱ्या दर्शनासाठीच वाचले जाते आणि त्याआधीचे सात आठवडे दुर्लक्षित राहतात.

कुटुंबाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी : वडील लुई मार्तँ हे घड्याळांचा व्यवसाय करणारे, आई झेली ही आलाँसाँ येथील प्रसिद्ध लेस विणणारी व विणवून घेणारी. नऊ अपत्यांपैकी मारी, पोलिन, लिओनी, सेलिन आणि तेरेझ या पाच मुली जगल्या. तेरेझ ही सर्वांत धाकटी. तिला अगदी तान्हेपणी वर्षभर दाईच्या घरी ठेवावे लागले होते. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीचे स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा तेरेझ साडेचार वर्षांची होती. त्याच वर्षी कुटुंब लिझ्यो येथे राहावयास आले. झेलीचे भाऊ इझिदोर गेरँ यांचे तेथे औषधांचे दुकान होते. आईच्या पश्चात तेरेझने पोलिनला आपली दुसरी आई मानले. ही दुसरी आई २ ऑक्टोबर १८८२ रोजी लिझ्योच्या कार्मेल मठात प्रविष्ट झाली. ती जाणार हे तेरेझला कोणी सांगितले नव्हते. बहिणींचे बोलणे कानावर पडून तिला ते कळले होते.

कार्मेल हा बंदिस्त मठ. भेटीला गेलेल्या कुटुंबीयांना जाळीआडून बोलता येई. अर्ध्या तासाच्या त्या भेटीत धाकटीच्या वाट्याला शेवटची दोन-तीन मिनिटे येत आणि तीही रडण्यात जात, असे निवेदन सांगते. वर्ष संपता संपता तिला सततची डोकेदुखी जडली. डोकेदुखी आणि ही दोन-तीन मिनिटे यांचा संबंध निवेदक स्पष्टपणे जोडत नाही. केवळ एकापाठोपाठ एक सांगते.

मार्च १८८३ मध्ये पवित्र सप्ताहासाठी वडील मारी व लिओनीला घेऊन पॅरिसला गेले. सेलिन व तेरेझ मामांकडे राहिल्या. ईस्टरच्या दिवशी, म्हणजे २५ मार्चला, मामांनी तेरेझजवळ तिच्या आईच्या आठवणी काढल्या. त्यांचा हेतू प्रेमाचाच होता. त्या रात्री कपडे उतरवताना तिला विलक्षण कापरे भरले. मामींना वाटले, थंडी वाजते आहे; त्यांनी पांघरुणे घातली, शेकले; पण कापरे जवळजवळ रात्रभर थांबले नाही. दुसऱ्या दिवशी डॉ. नोत्ता यांना बोलावण्यात आले. आजार अत्यंत गंभीर आहे आणि एवढ्या लहान मुलीला तो कधी झालेला नाही, असा त्यांचा अभिप्राय तेरेझने नोंदवला आहे. हा अभिप्राय बारकाईने वाचण्यासारखा आहे. ‘एवढ्या लहान मुलीला होत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या मनात मोठ्यांना होणारा कोणता तरी आजार असला पाहिजे. मज्जासंस्थेच्या विकारांसाठी पॅरिसमध्ये शार्को यांच्याकरिता स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले ते १८८२ मध्येच, म्हणजे उन्मादासारख्या विकारांची चर्चा फ्रेंच वैद्यकात तेव्हा जोरात होती. परंतु निवेदनात डॉक्टरांच्या तोंडी आजाराचे नाव येत नाही. घरात एक दुखणे आले आणि ते नावावाचूनच राहिले.

६ एप्रिलला पोलिनचा वस्त्रग्रहणाचा विधी होता. त्या दिवशी तेरेझ इतकी बरी होती की तिला मठात नेता आले, बहिणीच्या मांडीवर बसता आले. दुसऱ्याच दिवशी दुखणे पूर्वीपेक्षा जोराने उलटले. भिंतीतले खिळे तिला जळून काळ्या पडलेल्या जाड बोटांसारखे दिसू लागले. एकदा वडील शेजारी बसले असता त्यांच्या हातातल्या टोपीचे काही भयंकर रूप तिला दिसले आणि ती किंचाळली. वडील हुंदके देत खोलीबाहेर गेले. विकार दाखवण्यासाठी निवेदकाने योजलेल्या वस्तू घरातल्याच आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. खिळा, टोपी, पलंग या रोजच्या वस्तूच परक्या होतात. आणि भीतीचे कारण ठरतो तो घरातला सर्वांत प्रेमळ माणूस. पापभीरू बापाच्या दृष्टीने याहून मोठी शिक्षा कोणती असणार!

या काळात कुटुंबाने काय केले, याचे चित्र प्रकरणात विखुरलेले आहे. ते एकत्र केले म्हणजे दिसते की, एकाच श्रद्धेच्या या घरात दुखण्याचे अर्थ मात्र निरनिराळे होते. मामा औषधव्यावसायिक, त्यांच्या मते मनाला विरंगुळा हवा आणि कार्मेलचा विषय मुलीच्या डोक्यातून जावयास हवा. पोलिनने मठातून कार्मेलच्या संन्यासिनीचा वेष घातलेली बाहुली पाठवली. तेरेझला अपार आनंद झाला, पण मामांना ते रुचले नाही. या बाहुलीच्या प्रसंगाला निवेदनात चार ओळींचीही जागा नाही, तरी घरातला खरा तणाव येथेच उघड होतो. एकाला जे दुखण्याचे कारण वाटते, तेच दुसरीला त्यावरचे औषध वाटते. मारीच्या वाट्याला उशाशी बसणे आले. ती जवळून हलली की रुग्ण कासावीस होई. सेलिन रविवारी खेळावयास न जाता धाकटीजवळ स्वतःला कोंडून घेई. वडिलांनी सोन्याची नाणी काढून मारीच्या हाती दिली आणि पॅरिसच्या नोत्र दाम दे व्हिक्त्वार या मंदिरात मुलीसाठी नऊ दिवसांच्या मिस्सा अर्पण करण्यास लिहावयास सांगितले. डॉक्टरांना बोलावणे आणि नोव्हेना मांडणे यांत या घराला विसंगती वाटत नव्हती, आणि तशी ती मानण्याचे कारणही नाही. मराठी घरांतही वैद्य आणि नवस शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी, १३ मे १८८३ रोजी, मारी बागेत गेली असता तेरेझ ‘आई, आई’ अशा हाका मारू लागली. ही हाक मारीला होती. मारी आत आली, पण तेरेझने तिला ओळखले नाही. तेव्हा तिघी बहिणींनी खोलीतल्या मारिया मातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले. तेरेझही मूर्तीकडे वळली. मूर्तीचा चेहरा तिला अवर्णनीय सुंदर दिसला आणि माता आपल्याकडे पाहून हसली, असे तिला जाणवले. डोळ्यांतून दोन मोठे अश्रू ओघळले व दुखणे ओसरले.

संतचरित्र येथे थांबले असते. तेरेझचे निवेदन थांबत नाही, आणि म्हणूनच ते चरित्राहून वेगळे ठरते. मारीने तिच्याकडून गुपित काढून घेतले आणि ते मठात सांगितले. संन्यासिनींनी प्रश्न विचारले : मातेच्या कडेवर बाळ येशू होता का, देवदूत होते का. तिला सांगता आले ते एवढेच की, माता सुंदर दिसत होती आणि ती हसली. श्रोत्यांना हवा असलेला तपशील आपल्याजवळ नाही, हे कळल्यावर तिला वाटू लागले की आपण खोटे तर बोललो नाही? याहून खोल शंका दुखण्याविषयीच होती. आपण मुद्दाम आजारी पडलो, हे सारे सोंग होते, असे तिला वाटू लागले. मारीने समजूत घातली. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले की, इतक्या थराला जाऊन आजाराचे सोंग कोणालाही आणता येणार नाही. उपयोग झाला नाही. दर्शनाविषयीची शंका नोव्हेंबर १८८७ मध्ये, रोमच्या यात्रेला जाताना नोत्र दाम दे व्हिक्त्वार येथे फिटली. सोंगाविषयीची शंका १८८८ मध्ये ती स्वतः कार्मेलमध्ये गेल्यावर.

प्रारंभी उल्लेखिलेल्या दाव्याचे मर्म येथे उकलते. ‘माझी विचारशक्ती हरपली नव्हती’ हे विधान प्रथमदर्शनी स्मृतीच्या विश्वसनीयतेची ग्वाही वाटते. पण तेच विधान आरोपही आहे. जिला सारे ऐकू येत होते, कळत होते, तिने बापाला रडताना पाहूनही किंचाळणे थांबवले का नाही? बेशुद्धीची सबब जिला घेता येत नाही, तिच्यापुढे दोनच वाटा उरतात : आपण सोंग केले असे मानणे, किंवा आपल्या ठायी दुसरेच कोणी वावरत होते असे मानणे. १८९५ मध्ये लिहिताना निवेदकाने दुसरी वाट घेतली आहे. हे दुखणे सैतानाकडून आले. या कुटुंबातून पुढे कार्मेलमध्ये जे जाणार होते, त्याचा त्याने सूड घेतला, असे ती म्हणते. परंतु देहावर सत्ता चालली तरी मन व बुद्धी यांना त्याला स्पर्श करता आला नाही, अशी तिची मांडणी आहे. आधुनिक वाचकाला सैतानाचा उल्लेख अंधश्रद्धेचा अवशेष वाटेल. निवेदनाच्या अंतर्गत रचनेत मात्र त्याचे कार्य निश्चित आहे. या उपपत्तीमुळे मुलगी ढोंगी ठरत नाही आणि वेडीही ठरत नाही.

आणखी एका व्यक्तीचीही तीमुळे सुटका होते. हे हस्तलिखित तेरेझने लिहिले ते मठप्रमुखांच्या आज्ञेवरून, आणि त्या मठप्रमुख म्हणजे पोलिनच! १८९३ पासून ती मदर आन्येस या नावाने त्या पदावर होती. जिच्या जाण्याने दुखणे ओढवले, तिलाच उद्देशून त्या दुखण्याची कथा सांगितली जात आहे. ‘आई’ हे संबोधन येथे बालपणीच्या दुसऱ्या आईला आणि मठातील अधिकारी स्त्रीला एकाच वेळी लागू पडते. अशा श्रोत्रीसमोर ‘तू गेलीस म्हणून मी आजारी पडले’ हे वाक्य उच्चारणे अवघड. तेरेझ पोलिनच्या जाण्याचे दुःख लपवत नाही, पण दुखण्याचे कर्तृत्व सैतानाकडे सोपवून ती बहिणीला दोषमुक्त करते.

१८९८ मध्ये ग्रंथ छापला गेला, तेव्हा नेमकी ही गोष्ट वाचकांपासून दडली. संपादन पोलिननेच केले, आणि तेव्हाच्या मठप्रमुख मारी द गोंझाग यांच्या आग्रहावरून सारे लेखन त्यांनाच उद्देशून असल्याचे भासवण्यात आले. त्यासाठी मूळ हस्तलिखितातही खाडाखोड झाली. १९५६ मध्ये हस्तलिखितांची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध झाल्यानंतरच मूळ संबोध्य कोण हे सर्वांना पाहता आले. विसाव्या शतकात मानसशास्त्रीय दृष्टीने विचार करणाऱ्यांनी या आजाराचा संबंध वियोगाच्या आघाताशी जोडला आहे. तो पटण्याजोगा आहे. फक्त त्या आघाताचा सर्वांत बोलका पुरावा लक्षणांच्या यादीपेक्षा या संबोधनात आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

मराठी अभ्यासकाला येथे संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथेही जिवलगाचा वियोग आहे, मग तो वासराचा का असेना. शुद्ध हरपणे आहे, तुकोबांचे दर्शन आहे आणि गोंधळलेले घर आहे. प्रभावाचा प्रश्न अर्थातच उद्भवत नाही. पण एक भेद उद्बोधक आहे. बहिणाबाईंच्या कथनात संशय बाहेरून येतो. तो पतीचा आहे, त्याला मारहाणीचे रूप आहे, आणि ती त्याला तोंड देते. तेरेझच्या घरात कोणीही तिच्यावर संशय घेतलेला नाही. उलट सारे तिची समजूत घालत आहेत. संशय घेणारी ती एकटी आहे. आपल्या प्रत्येक कृतीमागचा हेतू तपासून तो पापनिवेदनात मांडावयाचा, हे वळण त्या समाजात लहान मुलांनाही लावले जात असे. ज्या धर्मजीवनाने या घराला सात आठवडे धीर दिला, त्याच धर्मजीवनाने त्या मुलीच्या हाती पुढील पाच वर्षांच्या आत्मपीडेचे साधनही दिले.

लेखनकाळाचाही विचार करावयास हवा. १८८९ मध्ये लुई मार्तँ यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि त्यांना काँ येथील मनोरुग्णालयात तीन वर्षे ठेवावे लागले. २९ जुलै १८९४ रोजी ते वारले. त्यानंतर काही महिन्यांतच तेरेझने हे हस्तलिखित लिहावयास घेतले. टोपी हाती धरून पलंगाशी बसलेला आणि हुंदके देत बाहेर जाणारा बाप तिने रेखाटला, तो त्या मृत्यूला वर्षही लोटले नसता किंवा नुकतेच लोटले असता. आपली विचारशक्ती कधी हरपली नव्हती, हे ती इतक्या निक्षून का सांगते, याचे एक कारण या घटनेतही शोधता येईल.