लेखनाचे साधन

संगणकावर मराठी लिहिण्यासाठी अनेक साधने उपलब्ध आहेत. १९८३ साली निघालेल्या ‘वर्ड’च्या संपूर्ण आवृत्तीसाठी मूल्य मोजावे लागते, २०१० साली आलेले ‘लिबरऑफिस’ विनामूल्य मिळते. परंतु निवडीची खरी कसोटी किंमत नसून लेखनाचा टिकाऊपणा ही होय. पूर्वी निरनिराळ्या टंकांचे संकेत निरनिराळे असत. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला, की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ साली ‘युनिकोड’ने देवनागरीच्या प्रत्येक वर्णास ठरावीक क्रमांक दिला आणि ही अडचण दूर होऊ लागली. म्हणून ज्या साधनाने युनिकोडमध्ये लिहिता येते आणि लिहिलेले इतर साधनांतही उघडता येते, तेच निवडावे. लेखणी बदलली, तरी लेखन वाचता आले पाहिजे.