दाबलं तर चालतं, रंगवलं तर नाही

जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक 1 ची किंमत होती 10 सेंट. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो याच अंकात. 2014 साली त्याची 9.0 दर्जाची प्रत ईबेवर 32 लाख डॉलरांना गेली. हा दर्जा फ्लोरिडातली ‘सीजीसी’ ही कंपनी 0.5 ते 10 या मापावर ठरवते आणि अंक प्लॅस्टिकच्या कवचात सीलबंद करते. (मग तो वाचायचा कसा, हे विचारू नये.)

खरी गंमत प्रेसिंगची. दर्जा वाढावा म्हणून अंकाला किंचित दमटपणा देऊन तो गरम प्रेसमध्ये सपाट करतात. बोटांचे खळगे, पानांचा बाक निघतो. पण घडीवरची शाई उडून पांढरी रेघ पडली असेल, तर कितीही दाबा, ती जात नाही. तिच्यावर रंग फिरवला की ती डागडुजी ठरते. कवचातलं लेबल सहसा निळ्याचं जांभळं होतं आणि भाव कोसळतो. प्रेसिंगला मात्र सीजीसी डागडुजी मानत नाही. काही जुने संग्राहक नाकं मुरडतात, पण दर्जा अर्ध्या गुणाने वाढून किंमत चढत असेल, तर इस्त्री कोण सोडणार? मात्र दाबणाऱ्याचा हात कच्चा असला, तर अंकाच्या पिनांचे ठसे आतल्या पानांवर उमटतात.