मुलांना पैशाचा हिशेब कसा शिकवावा

काशीतल्या मंगला गौरी, पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. इथली मुलं-मुली कॉलेजात जाऊ लागली की फोनवर यूपीआय येतं आणि खर्च त्यांच्या हाती जातो. २०२४ च्या आर्थिक साक्षरता सप्ताहात रिझर्व्ह बँकेचा भर विद्यार्थ्यांवरच होता. बचत आणि चक्रवाढ, विद्यार्थ्यांसाठी बँकव्यवहार, डिजिटल व्यवहारांतली खबरदारी असे त्याचे विषय होते. घरी शिकवायचं तर ते चार टप्प्यांत शिकवता येतं.

पहिला टप्पा नोंदीचा. महिनाभर खर्चात काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. लंका भागापर्यंतचं ऑटोभाडं, कचौडी-जिलेबी, झेरॉक्स, रिचार्ज, सगळं. यूपीआयने दिलेले दहा-वीस रुपये गेल्याचं जाणवतच नाही, म्हणून ॲपमधला प्रत्येक व्यवहार वहीत हाताने उतरवायला सांगा. महिनाअखेर तीन रकाने करा: टाळता न येणारा खर्च, टाळता येणारा, आणि कशावर झाला ते आठवतही नाही असा. तिसऱ्या रकान्याची बेरीज मुलांनी स्वतः केली की वेगळा उपदेश लागत नाही.

दुसरा टप्पा बचतीचा. उरलं तर ठेवू म्हणणाऱ्याकडे कधीच उरत नाही. म्हणून पैसे आले त्याच दिवशी ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत जाऊ द्या. दरमहा ५०० रुपये ७ टक्क्यांनी १० वर्षं भरले, तर भरलेले ६०,००० होतात आणि हाती सुमारे ८६,००० येतात. वरची रक्कम व्याजाची, आणि व्याजावर चढलेल्या व्याजाची.

तिसरा टप्पा कर्जाचा. इथे घाई करू नका. समजा क्रेडिट कार्डावर १०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. मुलाने ५०० रुपये भरले. त्यातले ३५० व्याजात गेले आणि त्या व्याजावरच्या १८ टक्के जीएसटीत ६३. मूळ कर्ज फिटलं फक्त ८७ रुपयांचं. ही वजाबाकी मुलालाच कागदावर करू द्या. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ अशी जाहिरात दिसली की त्याला हा ८७चा आकडा आठवेल. शैक्षणिक कर्जाचंही समजावून सांगा: हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याजाची सवलत नसेल तर व्याज रक्कम मिळाल्यापासूनच चढू लागतं.

चौथा टप्पा सावधगिरीचा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. स्वतःचं खातं दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही, कारण त्यावरून फसवणूक झाली तर पोलीस खातेदाराकडे येतात. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

शिकवणाऱ्याने एक पथ्य पाळावं: वही मागून तपासू नये आणि प्रत्येक खर्चावर बोलू नये. महिन्याचे पैसे हाती द्यावेत, मध्येच संपले तर लगेच भर घालू नये. पाचशे रुपयांत झालेली चूक सोसता येते. तीच पहिल्यांदा गृहकर्जाच्या कागदांवर सही करताना झाली, तर वर्षानुवर्षं फेडावी लागते.