जीर्णोद्धारात काय काढावे, काय ठेवावे?

गावचे जुने देऊळ किंवा वाडा नीट करायचा ठरला, की कोणीतरी म्हणतोच, "मागाहून झालेली भर काढून टाका आणि मूळ रूप उघडे करा." ऐकायला हे बरे वाटते. पण मूळ म्हणजे कोणत्या काळचे, हे आधी विचारले पाहिजे.

पुणे जिल्ह्यात यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचे देऊळ आहे. आतले दगडी कोरीव काम यादवकालीन. वरची विटा-चुन्याची शिखरे मात्र मराठ्यांच्या अमदानीतली. ती नंतरची म्हणून उतरवली, तर यादवांचे शिखर काही परत येणार नाही, आणि मराठेशाहीतील गवंड्यांचे कसब मात्र कायमचे जाईल. १९६४ साली व्हेनिस येथे जाणकारांनी केलेल्या सनदेत हेच सांगितले आहे : प्रत्येक काळाने घातलेल्या मोलाच्या भरीचा मान राखावा, सगळी वास्तू एकाच शैलीची करण्याचा हट्ट धरू नये.

मग नंतरचे सगळेच ठेवायचे का? तसेही नाही. तीन प्रश्न विचारा. ही भर मोलाची आहे काय? तिच्यामुळे इमारतीला इजा होते काय? ती काढताना खालच्या भागाला धक्का बसेल काय?

सिमेंटच्या गिलाव्याचे उदाहरण घ्या. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून धरते. मग आतले क्षार फुलतात, वीट भुगा होते, दगडाचे पापुद्रे सुटतात. दगडावर फासलेला तेलरंगही ओल अशीच अडवतो. म्हणून असे थर काढणे इष्ट. मात्र आधी हातभर जागेवर, हलक्या हाताने काढून पहावे. थराबरोबर दगडही निघू लागला, तर तिथेच थांबावे.

गुरुजी, इथे तुमची मदत हवी. काहीही काढण्यापूर्वी मुलांकडून मापे घ्यावीत, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, आणि कोणती भिंत कधी बांधली ते म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्यावे. वास्तू संरक्षित असेल, तर १९५८ च्या केंद्रीय व १९६० च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून हात लावू नये.

शंका असेल तेव्हा ठेवावे. ठेवलेले उद्या काढता येते. पाडलेले पुन्हा उभे करता येत नाही.