बाळंतिणीची ओपीडी

बाळंतपणानंतर उगाच रडू येणं सर्रास घडतं. दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यानंतरही झोप, भूक, बाळाची ओढ परतली नाही, तर नैराश्याची शंका घ्यावी. ती पडताळायला १९८७ची एडिनबर्ग प्रश्नावली गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न विचारते. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात, बाळाचं वजन करतात. आईची झोपही विचारली तर बिघडतं कुठे?

उपचाराला बहुधा भरती लागत नाही. मनोविकार ओपीडीत समुपदेशन होतं, गरज पडल्यास सर्ट्रालीनसारखी गोळी मिळते. ती दुधात फार कमी उतरते, त्यामुळे अंगावर पाजणं सहसा सुटत नाही. खरी अडचण सव्वा महिना उंबरठा न ओलांडण्याची, आणि मग ओपीडीसाठी तान्ह्याला घेऊन परंड्याहून धाराशिव गाठण्याची. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.